‘आपल्या घरची मतं एकाच जागी जातात’

मावशी, नमस्कार. माझं माहेर पुण्याचं. लग्न होऊन इंदूरला आले त्याला दीड वर्ष झालं. राजेंद्रनगरला राहतो. घरात सासू-सासरे, नवरा आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या आजेसासूबाई आहेत. गेल्या हिवाळ्यात मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओबाई एसआयआरचे, म्हणजे यादीच्या विशेष फेरतपासणीचे, फॉर्म घेऊन आल्या. घरातल्या सगळ्यांचे छापील फॉर्म निघाले, फक्त माझा निघाला नाही. मी विषय काढला तर नवरा म्हणाला, ‘कशाला धावपळ करतेस, इंदूरमध्ये कोण निवडून येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.’ पुढच्या वर्षी निगमची, म्हणजे महापालिकेची, निवडणूक आहे. सासूबाई म्हणतात, ‘नाव घालून घे, पण आपल्या घरची मतं एकाच जागी जातात, एवढं लक्षात ठेव.’ त्या स्वभावाने चांगल्या आहेत, तरी मला ते खटकलं. शिवाय इथला पार्षद, म्हणजे नगरसेवक, कोण हेसुद्धा मला माहीत नाही. मग सरळ नोटाच, म्हणजे ‘यापैकी कुणी नाही’ हेच बटण, दाबावा का? की नाव पुण्यात आहे तिथंच राहू द्यावं?
– पुण्याची लेक, इंदूरची सून

सूनबाई,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला वेळ लागतो. बाकीचे प्रश्न मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत घोळवलेस तरी चालतील.

पुण्यातलं नाव तिथं ठेवू नकोस. माणूस जिथं राहतो तिथल्या यादीत त्याचं नाव असावं आणि एका वेळी एकाच यादीत असावं, असं कायदा सांगतो. तुझा फॉर्म निघाला नाही यात त्या बीएलओबाईंचा काही दोष नाही. ते फॉर्म इथल्या यादीत आधीपासून असलेल्या नावांचे छापून आले होते, आणि तू त्या यादीत नव्हतीसच. दीड वर्ष तू इथलं पाणी प्यायलीस, पण यादीच्या हिशेबात तू अजून पुण्यालाच आहेस.

तुला फॉर्म ८ भरायचा आहे. आठच, सहा नव्हे. इथंच पुष्कळ जण घसरतात. फॉर्म ६ हा २०२२ च्या ऑगस्टपासून फक्त पहिल्यांदा मतदार होणाऱ्यांसाठी आहे. त्यात आपलं नाव दुसऱ्या कुठल्या यादीत नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि ते खोटं निघालं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फॉर्म ८ मध्ये ‘पत्ता बदलला’ या रकान्यावर खूण केलीस की इथं नाव चढतं, पुण्याचं उतरतं आणि कार्डाचा नंबर तोच राहतो. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येतो, नाहीतर बीएलओबाईंना कागदावर दे. राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असणार, म्हणून तुझ्या आधारवर किंवा बँकेच्या पासबुकावर इंदूरचा पत्ता आहे का ते आधी बघ. नसेल तर सुरुवात तिथून कर. ऑनलाइन भरलास तर शेवटी एक संदर्भ क्रमांक येतो. तो लिहून ठेव, कारण अर्ज कुठं अडकला आहे हे त्याच्यावरून कळतं. कुठं अडलंच तर १९५० हा नंबर आहे.

आडनाव बदललं असशील तर ते काम त्यानंतर कर, आधी पत्ता मार्गी लाव. आणि बदललं नसशील तर यादीसाठी बदलण्याचं कारण नाही, कुणी काहीही सांगो.

आता जी गोष्ट सांगते ती इंदूरच्या जुन्या जाणत्या लोकांनाही मतदानाच्या सकाळी बूथवर पोचल्यावर कळते. लोकसभा-विधानसभेची यादी भारत निर्वाचन आयोगाची असते. निगमची निवडणूक मध्य प्रदेशचा राज्य निर्वाचन आयोग घेतो आणि त्याची यादी वॉर्डाप्रमाणे वेगळी तयार होते. पहिल्या यादीवरूनच ती बनते, पण बनताना सीमेवरची घरं इकडची तिकडे होतात. मागच्या वेळी, २०२२ च्या जुलैत, भर पावसात माझ्या ओळखीचं एक जोडपं तीन शाळा फिरलं. नवऱ्याचं नाव एका बूथवर आणि बायकोचं दुसऱ्याच. कार्ड खिशात होतं आणि विधानसभेला नेहमीच्या शाळेत मत दिलेलं होतं, म्हणून दोघांनी आधी बघितलंच नव्हतं. तेव्हा निगमच्या यादीचं प्रारूप लागेल आणि दावे-आपत्ती, म्हणजे हरकती, मागवतील, त्या दिवसांत घरातल्या पाचही जणांची नावं डोळ्यांनी बघून ये. नाव चुकलं असेल तर दुरुस्तीची वेळ तीच. मतदानाच्या दिवशी पीठासीन अधिकाऱ्याशी, म्हणजे बूथच्या प्रमुखाशी, भांडून काहीही होत नाही. मी त्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून सांगते.

हो, बसले आहे. शाळेत गणित शिकवत होते तेव्हा दर निवडणुकीला माझं नाव ड्यूटीच्या यादीत असायचं. आदल्या दिवशी नेहरू स्टेडियमवर सामान घ्यायचं, मोजायचं, बसने बूथवर पोचायचं आणि रात्री बाकं जोडून झोपायचं. डासांचा हिशेब आयोगाच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो! लोकसभा-विधानसभेला पहाटे साडेपाचला पक्षांच्या एजंटांसमोर मॉक पोल होतो, निदान पन्नास मतं टाकून मशीन बरोबर मोजतं का ते बघायचं, मग ती मतं पुसून सील लावायचं आणि सातला दार उघडायचं. हे सगळं केलेल्या बाईला ‘माझ्या एका मताने काय होतं’ हे वाक्य ऐकवत नाही.

तुझ्या नवऱ्याचं बोलणं मात्र अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. इंदूरची लोकसभेची जागा खरंच वर्षानुवर्षं एकाच बाजूला जाते. पण शेंबड्या पोराला निकाल ठाऊक असतो, आकडा ठाऊक नसतो. आणि राजकारणातली माणसं आकडाच वाचतात.

२०२४ चंच घे. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला. लढत उरलीच नाही. निकाल कुणीही सांगू शकला असता आणि तसाच लागला, विजयी उमेदवाराला १२,२६,७५१ मतं पडली. पण दुसऱ्या नंबरवर कुणी माणूस नव्हता, नोटा होता. २,१८,६७४ मतं! त्याआधी लोकसभेला एका मतदारसंघात नोटाला पडलेली सगळ्यात जास्त मतं होती बिहारच्या गोपालगंजमध्ये, २०१९ साली, ५१,६६०. इंदूरने त्याच्या चौपट टाकली. त्या दोन लाखांनी निकाल तसूभर हलला नाही, तरी देशभर बातमी झाली ती त्यांचीच. घरी बसलेल्यांतही नाराज असणारच, पण नाराज कोण आणि झोपलेला कोण हे घरी बसलेल्यांच्या आकड्यावरून कुणाला सांगता येतं का?

आणि निकाल नेहमी ठरलेलाच असतो असंही नाही. इथून शाजापूर काही लांब नाही. तिथं २०२३ च्या विधानसभेला जिंकणारा आणि हरणारा यांच्यात २८ मतांचं अंतर होतं. तुमच्या गल्लीतली सात-आठ घरं म्हण ना. ग्वाल्हेर दक्षिणला २०१८ मध्ये १२१ मतं. आपल्या इंदूर पाचमध्ये त्याच वर्षी १,१३३. हे नवऱ्याला जेवताना सांग, भांडताना नको.

तू जी निवडणूक विचारते आहेस ती तर याहून लहान. लोकसभेला पंचवीस लाखांवर मतदार मिळून एक खासदार निवडतात. निगममध्ये शहराचे ८५ वॉर्ड होतात, म्हणजे तिथं तुझ्या मताचं वजन कितीतरी पट वाढतं. गंमत अशी की जिथं मत सर्वांत जड, तिथंच लोक त्याला हलकं समजतात. एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी, तुंबलेलं ड्रेनेज, कोपऱ्यावरचा बंद दिवा, कचरागाडीची वेळ, यातलं काहीही दिल्लीहून ठरत नाही. आणि निगम म्हणजे राजकारणाची शेवटची पायरी नव्हे, कित्येकांची ती पहिली असते. चिपळूणची एक मुलगी लग्न होऊन इंदूरला आली, १९८२ मध्ये निगममध्ये पार्षद झाली, मग उपमहापौर, मग १९८९ पासून सलग आठ वेळा खासदार आणि शेवटी लोकसभेची अध्यक्ष. सुमित्राताई महाजन. कोणत्या पक्षाच्या हा मुद्दा बाजूला ठेव. बाहेरून आलेली सून आहे म्हणून शहर परकं समजू नकोस, एवढ्यासाठी सांगितलं.

निगमला दोन मतं असतात, एक महापौराला आणि एक पार्षदाला. ती दोन्ही एकाच पक्षाला दिली पाहिजेत असं कुठंही लिहिलेलं नाही. २०२२ ला ग्वाल्हेरने महापौर काँग्रेसचा निवडला आणि परिषदेत पार्षद भाजपचे जास्त पाठवले. बरोबर केलं की चूक, ते त्यांचं त्यांना माहीत. पण दोन बटणं वेगवेगळा विचार करून दाबता येतात हे तरी त्यावरून दिसतं.

नोटाचं माझं मत विचारतेस तर सांगते, आणि इथं माझ्याशी भांडायला हरकत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर हे बटण आलं आणि पहिल्यांदा वापरलं गेलं त्या पाच राज्यांत आपला मध्य प्रदेश होता. तो तुझा हक्क आहे. पण नोटाला कितीही मतं पडली तरी लोकसभा-विधानसभेला उमेदवारांत जास्त मतं घेणाराच निवडून येतो. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी तिथल्या आयोगाने २०१८ मध्ये, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक, असा नियम केला. पुण्यात तू तो ऐकला असशील. तो नियम इथला समजू नकोस. सगळ्या उमेदवारांची माहिती काढून, एकही मनाला पटला नाही म्हणून नोटा दाबलास तर मी तुझ्या बाजूने. पार्षदाचं नाव माहीत नाही म्हणून नोटा दाबणार असशील, तर पेपर न वाचता कोरा देऊन येणारी मुलं मला आठवतात. ती मला कधीच आवडली नाहीत.

आणि माहिती काढणं अवघड नाही. अजून वर्ष आहे हातात. निवडणुकीच्या महिन्यात सगळेच हात जोडतात, तेव्हा कुणाचीच परीक्षा होत नाही. आत्ता, कुणाला मत मागायचं नसताना, एखादी खरीखुरी तक्रार घेऊन पार्षदाकडे जा. दिवा बंद असेल, चेंबर वाहत असेल. आधी निगमच्या इंदूर ३११ ॲपवर टाक, तारीख लिहून ठेव आणि काम झालं नाही तर त्यांच्या घरी जा. कोण भेटतं, कोण फोन उचलतं, कोण ‘बघतो’ म्हणून विसरतं, सगळं कळेल. पुढच्या वेळी उभं राहू बघणारेही वॉर्डात आत्तापासून फिरत असतात. तीच तक्रार त्यांनाही सांग. अर्ज भरले जातील तेव्हा उमेदवाराचं शपथपत्र वाच. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात असतं. आमच्या भिशीत चार जणींनी मिळून वाचलं होतं. एका उमेदवाराच्या गाड्यांची यादी वाचता वाचता चहा थंड झाला.

आता सासूबाई. खरं पत्र तू यांच्यासाठीच लिहिलं आहेस, बाकी सगळं सोबतीला आहे.

त्यांच्यावर रागावण्याआधी त्यांचं वाक्य कुठून आलं ते बघ. माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या. इंदूरची जुनी मराठी घरं म्हणजे होळकरांच्या चाकरीत, शाळांत, कचेऱ्यांत आलेली माणसं. रामबाग असो की लोकमान्यनगर, आपण शहरात थोडे आहोत हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. मतं विखुरली तर आपल्याला कोण विचारणार, अशी ती भीती. ‘या घरात पाच मतं आहेत’ हे सांगून नळाचं कनेक्शन मिळवायचा तो काळ होता. त्यांनी ती मूठ राखली, त्यांच्या परीने शहाणपणानेच.

पण बाई गं, बूथवरच्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मूठ जात नाही. एकच माणूस जातो.

एकदा माझ्या बूथवर दुपारच्या शांत वेळी एक गृहस्थ बायकोच्या पाठोपाठ आडोशाकडे निघाले. मी थांबवलं. म्हणाले, “मॅडम, उसको मशीन समझ में नहीं आती.” मी विचारलं, “घर में मिक्सर कौन चलाता है?” रांगेतल्या बायका हसायला लागल्या. नियम साफ आहे, ज्याला दिसत नाही किंवा शरीराने बटण दाबता येत नाही त्याच्याच बरोबर सोबती जाऊ शकतो. ती एकटी आत गेली. चांगला वेळ घेतला तिने. मग बीप वाजला आणि ती बाहेर आली ती नवऱ्याकडे न बघता थेट फाटकाकडे चालायला लागली. काय दाबलं ते मला माहीत नाही, तिच्या नवऱ्याला माहीत नाही आणि मशीनलाही ते दाबणारी कोण हे माहीत नाही. मशीन फक्त मोजतं. रजिस्टरमध्ये तुझा क्रमांक आणि सही असते, पण ती मत दिलंस एवढंच सांगते, कुणाला दिलंस ते नाही. लोकसभा-विधानसभेला मशीनला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची, म्हणजे दिलेलं मत छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि डब्यात पडते, तिच्यावरही तुझं नाव नसतं. घरातली पाच मतं शेकडो मतांत मिसळतात. ती कुणालाही वेगळी काढून दाखवता येत नाहीत.

म्हणून घरात या विषयावर लढाई करू नकोस. ‘मी माझ्या मनाने देणार’ असं जाहीर करण्याची गरजच नाही. ते जाहीर न करता करता यावं यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. उलट सासूबाईंना विचार, ‘तुम्ही पहिल्यांदा मत कधी दिलंत? कुणी सांगितलं होतं?’ मी माझ्या सासूबाईंना एकदा विचारलं होतं. त्या बराच वेळ भाजी निवडत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांना अजून वाटतं मी त्यांनी सांगितलेल्यालाच देते.”

आजेसासूबाईंचं राहिलं. लोकसभा-विधानसभेला पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदाराला घरून मत देता येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांत फॉर्म १२-ड भरायचा, मग पथक घरी येतं. निगमला ती सोय असेल असं धरून चालू नकोस. त्या दिवशी गाडी ठरव, सकाळी लवकर ने, त्यांना रांगेत उभं राहावं लागणार नाही. दिसत नसेल तर तू सोबत जा आणि त्या सांगतील तेच बटण दाब. हे मी खास तुला सांगते, कारण आपल्या मताबद्दल जागी झालेली माणसं दुसऱ्याच्या मतावर लगेच हात ठेवतात.

मतदाराची पर्ची, म्हणजे बूथ आणि अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी, घरी येईल, पण पर्ची म्हणजे ओळखपत्र नव्हे. मतदार कार्ड, आधार, पॅन, वाहन परवाना यातलं काहीतरी बरोबर ठेव. मोबाइल गाडीत. तुझ्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल तर रडत परत येऊ नकोस, पीठासीन अधिकाऱ्याकडे निविदत्त मतपत्रिका माग. ती मागणारे इतके थोडे असतात की काही अधिकाऱ्यांनाही पुस्तक उघडून बघावं लागतं. आणि उशीर झाला तरी वेळ संपायच्या आत रांगेत शिरलीस की मत देता येतं. आम्ही रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे यायचो, म्हणजे मागून कुणी घुसायला नको.

शाई वाळल्यावर छप्पन दुकानला, इंदूरच्या त्या खाऊगल्लीत, जा. विधानसभा-लोकसभेला तिथल्या दुकानदारांनी सकाळी मत देऊन आलेल्यांना पोहे-जिलबी फुकट खाऊ घातली होती. निगमला घालतील न घालतील, पोहे तुझ्या पैशाचे खा.

घरी आल्यावर सासूबाई विचारतीलच, ‘काय गं, गेली ना सगळी मतं एकाच जागी?’ तेव्हा खुशाल हो म्हण. त्याच शाळेत, त्याच मशीनमध्ये गेली.

तुझी,
मावशी